लग्नाचा व्हिडिओ लॅपटॉपवर लावला की आवाज येतो, पण पडदा काळाच. काय करावं?

फाइल बहुधा खराब झालेली नाही, आधी ती भीती काढून टाका. आवाज नीट येतोय म्हणजे बहुधा फक्त चित्राचा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची आणि परत उलगडायची पद्धत, तुमच्या प्लेअरला कळत नाहीये. हल्लीचे बरेच फोन एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५ मध्ये शूट करतात. हा २०१३चा कोडेक. जुन्या लॅपटॉपवर तो नसतो.

व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर टाका, कोडेक उलगडणारे त्याचे डीकोडर त्याच्यातच असतात. फाइल उघडून कंट्रोल + जे दाबा, कोडेकचं नाव दिसेल. व्हीएलसीत दिसलं पण अडखळत चाललं, तर दोष बहुधा लॅपटॉपच्या प्रोसेसरचा, तो कमी पडतोय.

टीव्हीवर लावायचा असेल तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तो एच.२६४ या जुन्या कोडेकमध्ये, एमपी४ फाइल करून घ्या. क्वालिटीचा आकडा २० ते २२ ठेवा. तो जितका कमी, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. नुसतं नाव बदलून .एमपी४ करू नका, त्याने आतलं काहीच बदलत नाही. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जाणारच नाही.

आणि मूळ फाइल कृपा करून डिलीट करू नका. प्रत्येक कन्व्हर्जनमध्ये थोडं चित्र जातंच, ते परत येत नाही.