‘प्रॅक्टिशनर’ म्हणजे डॉक्टर नव्हे, भाऊ

माजलगाव तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. गावात कृषी सेवा केंद्र, थोडी कोरडवाहू जमीन. मुलगी बारावीला पीसीबी घेऊन ७८ टक्क्यांनी पास झाली. लातूरला खोली करून तिने तीनदा नीट दिली, तिसऱ्या खेपेला ३८६ आले. आता एका एजंटाने सांगितलंय, की सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करा, एक लाख चाळीस हजार भरा, मग अमेरिकेची परीक्षा देऊन ‘रेस्पिरेटरी केअर प्रॅक्टिशनर’चं लायसन्स मिळतं. तिकडे पगार, नाहीतर इकडे येऊन स्वतःची प्रॅक्टिस. दहा हजार टोकन देऊन झालेत. वडिलांचे प्रश्न दोन. कोर्स करावा का? आणि पाव्हण्यारावळ्यांत ‘पोरगी एमबीबीएसला लागली’ असं सांगून बसलोय, थोरल्या मुलाच्या लग्नाची पत्रिका छापायची आहे, तर तिच्या नावाआधी ‘डॉ.’ टाकलं तर चालेल ना?

भाऊ, नमस्कार.

पत्रिकेपर्यंत वाचत आले आणि तिथेच अडकले. कोर्सचं नंतर बघू.

मावशी विचारते, ‘कुठल्या कॉलेजात आहेस गं?’ तेव्हा तुमची मुलगी काय उत्तर देते? तुम्ही थाप मारून मोकळे झालात, ती रोज निभावायची मात्र तिच्याकडे. हळदीच्या दिवशी कुणीतरी म्हातारं माणूस बाही वर करून म्हणेल, ‘बाई, बीपी बघ जरा.’ दुसरा कुणी पिशवीतून एक्स-रेची फिल्म काढून तिच्या हातात देईल. सगळा मांडव बघत असेल. त्या क्षणी ती काय करील, याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही.

दीड एकर विकून लातूरचा खर्च केला, हे पत्रात दोनदा आलंय. घरात किती वेळा येत असेल, त्याचा अंदाज मला बसला. तिला स्वतःला काय वाटतं, यावर मात्र एक ओळ नाही. ‘पोरगी शब्दाबाहेर नाही’ एवढं कौतुकाने लिहिलंय. मला तर त्याच वाक्याची धास्ती वाटली. तीन वेळा हरलेलं आणि चकार शब्द न बोलणारं लेकरू घरात असलं, की आईबापांनी नीटचा निकाल बाजूला ठेवून आधी त्याच्या जेवणाकडं, झोपेकडं बघावं. ती जेवते का नीट? रात्री झोपते का? हे मला कळवा, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचं काही वाचायच्या आधी तिला डॉक्टरला दाखवा.

आता ते ‘प्रॅक्टिशनर’. या शब्दाने तुम्हाला भुलवलंय. प्रॅक्टिशनर म्हणजे बोर्ड लावून प्रॅक्टिस करणारा, असं आपण धरून चालतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ‘रेस्पिरेटरी केअर प्रॅक्टिशनर’ म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्णाचा श्वास सांभाळणारा प्रशिक्षित माणूस. आपल्याकडे त्यालाच रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणतात, आणि डॉक्टरांच्या जोडीने काम करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या २०२१च्या केंद्राच्या कायद्यात रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्ट असं नाव आहे. तो औषधाची चिठ्ठी लिहीत नाही, स्वतःचा दवाखाना टाकत नाही. डॉक्टर म्हणून नोंदणी नसताना डॉक्टरकी केली, तर २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३४ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘इकडे येऊन प्रॅक्टिस’ म्हणणारा एजंट तुमच्या मुलीला त्या वाटेवर नेतोय.

पण म्हणून हे काम हलकं समजू नका. तुमच्या दुकानात कीटकनाशकांचे डबे आहेत. त्यातलं ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं विष पोटात गेलेला माणूस, किंवा रात्री झोपेत मण्यार चावलेला माणूस दवाखान्यात येतो, तेव्हा पुष्कळदा त्याचे श्वासाचे स्नायूच हार मानतात. मग विष उतरेपर्यंत, कधी कित्येक दिवस, यंत्राने श्वास द्यावा लागतो. तो किती द्यायचा, ऑक्सिजन किती, दाब किती, नळीतला कफ कधी ओढायचा, मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन त्यातले वायू तपासायचे, आणि यंत्र हळूहळू कसं सोडवायचं, या सगळ्यात थेरपिस्ट लागतो. एक उदाहरण देते. फुप्फुसं फार बिघडली असतील तर एका श्वासाला किलोमागे सुमारे ६ मिलिलिटर हवा द्यायची, आणि तो किलो काट्यावरचा नव्हे, उंचीवरून काढलेला. माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस मोठं होत नाही ना! २००० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आलं होतं. हे काम रात्रपाळीला, उभं राहून, नातेवाईक बाहेर रडत असताना करायचं असतं. मोबाइलवर सहा महिने व्हिडिओ बघून ते हाताला येत नाही.

अमेरिकेचं लायसन्सही एजंट म्हणतो तसं मिळत नाही. तिथे परीक्षेआधी कॉलेज विचारतात. सीओएआरसी या संस्थेने मान्य केलेला, किमान दोन वर्षांच्या असोसिएट पदवीचा कोर्स झालेला असला, तर एनबीआरसी या परीक्षा मंडळाच्या टीएमसी नावाच्या परीक्षेला बसता येतं. त्या एकाच परीक्षेत पासाच्या दोन रेषा आहेत. खालची ओलांडली की सीआरटी, म्हणजे पहिला दर्जा. वरची ओलांडली तर पुढची रुग्णप्रसंगांची परीक्षा देता येते, आणि तीही झाली की आरआरटी, म्हणजे वरचा दर्जा. मग ज्या राज्यात नोकरी, त्या राज्याचं लायसन्स. अलास्का सोडलं तर सगळीकडे ते लागतं. कॅलिफोर्नियात २०१५पासून नव्या माणसाला आरआरटीशिवाय लायसन्स नाही. तुमच्या एजंटाचा ऑनलाइन कोर्स यात पहिल्या पायरीलाही पुरत नाही. व्हिसाची गोष्ट तर मी काढतच नाही.

इथे करायचं असेल तर बीएस्सी रेस्पिरेटरी थेरपी: तीन वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, पीसीबीवर प्रवेश. मणिपाल आणि वेल्लोरचं सीएमसी ही या विषयातली जुनी नावं. कुठलंही कॉलेज घ्या, पण विद्यापीठाची मान्यता आणि स्वतःचं आयसीयू आहे का, ते डोळ्यांनी बघा. महाराष्ट्रात काम करायचं तर पॅरावैद्यक परिषदेत नोंदणीचं विचारून घ्या. २०२१च्या कायद्याखालचे कोर्स दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला यूजीसीने २०२५मध्ये बंदी घातली आहे, तेव्हा ते दहा हजार टोकन बुडाले समजा आणि मागे लागू नका. आखाताचा रस्ता पदवी, अनुभव, डेटाफ्लोची कागदपडताळणी आणि प्रोमेट्रिकची परीक्षा असा आहे. नर्सिंग, बीएएमएस, फार्मसी तुम्हाला माहीत आहेतच.

पगाराचंही स्पष्ट सांगते. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात या पदासाठी वेगळा पगार द्यायला मालक नाखूष असतो, सिस्टर आणि आरएमओवरच (निवासी डॉक्टरवरच) भागवतात. नोकरी पुण्या-मुंबईला नाहीतर हैदराबादला, आणि सुरुवातीचा आकडा ऐकून तुमचं तोंड उतरेल. दीड एकराचा हिशेब या पगारातून फेडून घ्यायचा विचार असेल तर हा कोर्स तिला लावूच नका.

आणि आज तरी मी तुम्हाला ‘हा कोर्स करा’ असं सांगणारच नाही. हा रस्ता तुम्ही ‘डॉ.’ला जवळचा म्हणून निवडलाय, तिने निवडलेला नाही. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नाहीतर संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात ओळखीचं कुणी असेलच. परवानगी काढून तिला एक दिवस आयसीयूत उभं राहू द्या. तुम्ही बाहेर थांबा. ती बाहेर आल्यावर ‘काय ठरलं?’ असं विचारू नका, चहा पाजा आणि गाडीत बसा. पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या. त्यात तिने ‘मला रक्त बघवत नाही, मला बीकॉम करायचंय’ असं लिहिलं, तरी मी तिलाच उत्तर देईन.

पाव्हण्यांना खरं सांगायचं काम तुमचं, तिच्यावर ढकलू नका. थोरल्या भावजींना एक फोन करा, बाकीच्यांना ते सांगतील. आपल्याकडे अशी बातमी संध्याकाळपर्यंत गेवराई गाठते. पत्रिकेत तिच्या नावाआधी ‘कु.’ छापा. छापखान्यातून प्रूफ आलं की ते तिलाच तपासायला द्या.