सेफ्टी रेझरने दाढी सुरू करायची आहे, ब्लेड कोणतं घेऊ?

तुमची अडचण अशी, की चार-पाच पात्यांच्या कार्ट्रिजने गळ्यावर पुरळ उठतं, खर्चही जड जातो, आणि आजोबांसारखा एकाच पात्याचा जुना रेझर घ्यायचा तर ब्लेड कोणतं हे ठरत नाही. मी नागपुरात नऊ वर्षं असाच रेझर वापरून राहिलोय. ब्लेडचं शेवटी सांगतो, कारण पहिले सहा महिने मी फक्त ब्लेडंच बदलत बसलो आणि दोष निघाला पाण्यात.

तेव्हा बेसा भागात भाड्याने राहत होतो, बोअरचं पाणी. कितीही घोटलं तरी साबणाचा फेस दोन मिनिटांत बसायचा आणि वाटीच्या कडेला पांढरी साय जमायची. एकदा शहरातल्या महाल भागात मामांकडे मुक्काम होता. साबण तोच, ब्रशही तोच, पण नळाच्या पाण्यावर फेस असा चढला की मामी म्हणाल्या, "अरे, दही लावलं का तोंडाला?" जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं, फेस होतच नाही. तुमच्याकडे बोअर असेल तर दाढीपुरतं एक भांडं आरओचं पाणी घ्या. तेही नको असेल तर साबणाची वडी सोडून ट्यूबमधलं क्रीम घ्या, ते जड पाण्यात जास्त निभावून नेतं. आणि आंघोळीनंतरच दाढी करा. दोन-तीन मिनिटं पाणी मुरलं की केस बराच मऊ पडतो.

पुरळाचं कारण बहुतेक त्या पाच पात्यांतच आहे. पुढचं पातं केस किंचित ओढतं, मागचं कापतं, आणि कापलेलं टोक कातडीखाली जातं. केस कुरळा असेल तर तो आतच वळून वाढतो. एकाच पात्यात ही ओढाताण कमी. पण सवयीने दाबून फिरवाल तर इथेही सोलून निघाल. रेझरचं वजन पुरतं, हाताने फक्त दिशा द्यायची. रेझरचं डोकं गालावर टेकवा, दांडी गालाला काटकोनात धरा, मग हळूहळू खाली आणा. जिथे केस कापल्याची खरखर ऐकू येते तो तुमचा कोन, पातं आणि गाल यांत साधारण तीस अंश. पहिला महिना सुलटच, म्हणजे केस उगवतात त्या दिशेनेच करा, उलटा हात गळ्यावर अजिबात नको. गळ्याचे केस दोन्ही बाजूंना वेगळ्या दिशेने उगवतात, बोटं फिरवून आधी बघून घ्या.

रेझर सौम्य घ्या, म्हणजे पात्याखालची पट्टी सलग असलेला, दात असलेला नाही. मर्कुर ३४सी किंवा म्यूले आर८९ हे जर्मनीचे, चांगलेच, पण महाग. देशी पितळी रेझरही चालतो, मात्र आटे फिरवून बघा. माझा पहिला इतवारीतून घेतलेला, दोन महिन्यांत आटे गेले आणि पातं एका बाजूला सरकायला लागलं. हनुवटीवर अजून खूण आहे.

आता ब्लेड. दोन्ही बाजूंनी धार असलेली सगळी ब्लेडं एकाच मापाची, कुठलंही कुठल्याही रेझरला बसतं. फरक पोलादात, धार लावण्यात आणि वरच्या लेपात. फेदर हे जपानी पातं फार धारदार, हात बसल्यावर घ्या. सुरुवात हिरव्या पाकिटातल्या अॅस्ट्राने किंवा सेव्हन ओ'क्लॉकने करा. टोपाझ तर किराणा दुकानातही मिळतं. पाच पात्यांचं एकच पाकीट आणा. शंभरचा डबा स्वस्त दिसतो, पण तुमच्या कातडीला ते रुचलं नाही तर घरात धूळ खातो (माझ्याकडे एक पडलाय, मागाल तर देईन). ते पाकीट संपेपर्यंत क्रीम आणि रेझर बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

एक पातं चार दाढ्या, केस ओढायला लागलं की फेका. आमचे आजोबा पातं काचेच्या पेल्यात आतून घासून परत धार लावायचे. ती कार्बन पोलादाची पातं होती, ओलं राहिलं की गंजायची. स्टेनलेस पाती साठीच्या दशकात आली. आजच्या पात्याला घासलंत किंवा रुमालाने पुसलंत तर त्याचा लेप जातो. पाण्याखाली धरून झटका, बस.

शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी. जिथे झोंबेल तिथे तुम्ही दाबलंय, दुसऱ्या दिवशी तिथे हात हलका ठेवा. मे महिन्यात मी दाढी रात्री करतो. सकाळी करून पंचेचाळीस डिग्रीत बाहेर पडलं, की घामाने गळा पेटतो.

जुनी पाती कचऱ्यात सुटी टाकू नका, गाडीवरचा माणूस हातानेच पिशवी उचलतो. मी मिल्कमेडच्या रिकाम्या डब्याला वर चीर पाडून ठेवलीय, त्यात टाकतो. दोन वर्षं झाली, अजून अर्धाही भरला नाही.