'कळवळ्याची जाती' बदलू नका

नागपूरच्या एका शिक्षिका विचारतात : शाळेच्या फलकावर तुकोबांची 'ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती' ही ओळ लिहायची आहे. पण 'जाती' वाचून मुलं भलताच अर्थ घेतील अशी भीती वाटते. त्याजागी 'रीती' लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार, ताई. ओळीचा सगळा जीव त्याच शब्दात आहे.

'जाति' हा शब्द 'जन्' या धातूवरून आला, म्हणजे जन्मासोबत अंगी येतो तो गुण, तो स्वभाव. हा अर्थ आपल्या बोलण्यात आजही जिवंत आहे. आपल्याकडे संत्र्याची जात विचारतात, कापसाची जात विचारतात. 'पोरगी जात्या हुशार आहे' म्हणतो, 'जातिवंत गवई' म्हणतो. (कोर्टातला 'जातमुचलका' किंवा 'साहेब जातीने आले' यातली जात मात्र निराळी. ती अरबी 'ज़ात'वरून आली, अर्थ 'स्वतः'.) समाजातली जात तुकोबांना ठाऊक नव्हती असं नाही. स्वतःबद्दल सांगताना ते 'याति शूद्र' म्हणतात, आणि 'याति' हे 'जाति'चंच रूप. इथे मात्र ते कळवळ्याचीच जात सांगतात.

आता व्याकरण बघा. अभंगात या ओळीच्या आधी लेकराचं हित वाहणारं माउलीचं चित्त येतं. 'करी' या क्रियापदाचा कर्ता कोण? माउली नव्हे, 'जाती'. प्रीती करते ती कळवळ्याची जातच. करावी की न करावी, हा प्रश्न आईपुढे येतच नाही. 'रीती' लिहिलं की हे गेलं, कारण रीत शिकवावी लागते आणि मोडताही येते.

'लाभाविण' वाचताना तर मी दर वेळी थबकतो. तुकोबांचं घर दुकानदारीचं. 'केला वेवसाव' असं त्यांनीच सांगितलं आहे. नफातोटा रोज पाहिलेल्या माणसाने 'लाभ' हा शब्द आईच्या प्रेमाजवळ आणला तो 'विण' जोडून. 'निःस्वार्थ' या शब्दाला ती धार नाही.

आणि 'कळवळा' म्हणजे दया नव्हे. दया करणारा जरा अंतरावर उभा असतो. 'पोट्टे भुकेनं कळवळले' आणि 'त्यांना पाहून माय कळवळली', दोन्हीकडे क्रियापद एकच. दुखणं त्याचं आणि कळवळणं हिचं, यात फरक उरत नाही.

माझं म्हणणं, एकच ओळ लिहू नका. अभंग चारच कडव्यांचा आहे, फलकावर सहज मावेल :

लेंकुराचें हित । वाहे माउलीचें चित्त ॥
ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती ॥
पोटीं भार वाहे । त्याचें सर्वस्व ही साहे ॥
तुका म्हणे माझें । तुम्हां संतांवरी ओझें ॥

'वाहे' दोनदा आलंय, तेही मुलांना दाखवा. आधी चित्त हित वाहतं, मग आई पोटी भार वाहते, आणि शेवटी 'ओझें' येतं. अभंग आईची थोरवी गातो, पण ती तुकोबा संतांपुढे ठेवतात, आपलं ओझं त्यांच्यावर टाकण्यासाठी. लेकराने आईवर भार टाकताना जसा संकोच धरू नये, तसा तुकोबांनीही धरलेला नाही.