गोलपोस्टमागचे पाठीराखे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

क्लब फुटबॉलच्या पाठीराख्यांविषयी आलेल्या पत्रांतून सहा प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : टीव्हीवर प्रत्येक गोल वेगवेगळ्या कोनांतून पाहता येतो आणि प्रवासाची दगदगही नसते. असे असताना हजारो लोक थंडीपावसात स्टेडियमवर का जातात? तेही पुष्कळदा आपला संघ हरताना पाहायला?

उत्तर : चेंडू टीव्हीवर अधिक चांगला दिसतो, हे मान्यच केले पाहिजे. मात्र कॅमेरा चेंडूच्या मागे फिरतो आणि स्टँडमधल्या माणसाचे लक्ष आपल्या संघावर असते. बचावफळी किती पुढे सरकली आहे, बगलेवरचा खेळाडू दमल्यामुळे मागे परतायला उशीर करतो आहे का, प्रशिक्षकाने कोणत्या बदली खेळाडूला अंग मोकळे करायला पाठवले आहे, हे त्याला सतत दिसत असते. सामना कोणत्या दिशेने चालला आहे, याचा अंदाज म्हणूनच त्याला लवकर येतो.

शिवाय तो नुसता बघ्या नसतो. आपल्या बगलेवरच्या खेळाडूच्या पायाशी चेंडू आला आणि त्याच्यापुढे मोकळी जागा दिसली, की स्टँडमधल्या घडीच्या खुर्च्या एकामागून एक खटाखट मिटू लागतात, कारण पुढे काय होणार हे ओळखून लोक आधीच उठलेले असतात. लांबच्या टोकाला गोल झाला, तर तो कोणी मारला हे अनेकांना कळलेलेही नसते. आधी शेजाऱ्याला मिठी मारली जाते आणि नाव मागाहून विचारले जाते. या गर्दीचा खेळावर काय परिणाम होतो, हे महासाथीच्या काळात सर्वांनी पाहिले. १६ मे २०२० रोजी जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली आणि पाठोपाठ इतर देशांतल्या स्पर्धाही तशाच सुरू झाल्या. त्या सामन्यांच्या अभ्यासातून असे आढळले, की यजमान संघांना घरच्या मैदानावर एरवी मिळणारा लाभ कमी झाला होता आणि पाहुण्या संघांना पिवळी कार्डेही पूर्वीपेक्षा कमी दाखवली जात होती. गर्दीचा दबाव पंचांच्या निर्णयांपर्यंत पोहोचतो, असाच त्याचा अर्थ निघतो.

हरणाऱ्या संघाचे म्हणाल, तर सीझन तिकीट, म्हणजे संपूर्ण हंगामाचे तिकीट घेणारी माणसे वर्षानुवर्षे त्याच रांगेत, त्याच जागी बसतात. शेजारच्याचे आडनाव ठाऊक नसते, पण त्याच्या वडिलांचे आजारपण आणि मुलीची परीक्षा मात्र ठाऊक असते. एखाद्या शनिवारी तो दिसला नाही, तर मध्यंतरात चौकशी सुरू होते. अशी नाती गुणतक्त्यातल्या क्रमांकावर अवलंबून नसतात. इंग्लंडचा संडरलंड हा क्लब २०१७ आणि २०१८ अशा लागोपाठ दोन वर्षी खालच्या श्रेणीत घसरून तिसऱ्या श्रेणीत गेला. तरीही २०१८-१९ च्या हंगामात त्याच्या घरच्या सामन्यांना सरासरी ३० हजारांहून अधिक लोक येत होते आणि २६ डिसेंबर २०१८ च्या सामन्याला तर ४६ हजारांहून अधिक प्रेक्षक हजर होते. क्लबच्या पडत्या काळात जो येत राहतो, त्यालाच आम्ही पाठीराखा मानतो.

प्रश्न : इतके हजार लोक एका सुरात कसे गातात? गाणे कोण ठरवते? आणि सामन्याआधी संपूर्ण स्टँडभर उलगडणारी ती प्रचंड चित्रे कोण तयार करते?

उत्तर : याच्या दोन परंपरा आहेत. इंग्लंडमध्ये सहसा कोणी म्होरक्या नसतो. एखाद्या कोपऱ्यातले दहाबारा जण ओळ उचलतात. ती आसपासच्यांना पटली तर पसरते, नाही तर तिथेच विरते. चाली लोकप्रिय गाण्यांच्या, प्रार्थनागीतांच्या किंवा लोकगीतांच्या असतात आणि शब्द स्टँडमध्ये रचले जातात. लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर प्रत्येक सामन्याआधी गायले जाणारे गीत मुळात १९४५ च्या एका अमेरिकन संगीतिकेतले आहे. १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच एका बँडने ते गाऊन लोकप्रिय केले आणि पाठीराख्यांनी ते आपले म्हणून उचलले.

युरोप खंडातील इतर अनेक देशांत मात्र संघटित गट हे काम हाती घेतात. क्रोएशियातील हायदुक स्प्लिट या क्लबच्या पाठीराख्यांनी ब्राझीलच्या प्रेक्षकांवरून स्फूर्ती घेऊन १९५० मध्ये ‘टोर्सिडा’ हा गट स्थापन केला. इटलीत ‘अल्ट्रा’ म्हणवणारे गट १९६० च्या दशकाच्या अखेरीस उदयाला आले. या गटांत गाणी सुरू करून देणारा एक जण असतो आणि तो कठड्यावर उभा राहून, मैदानाकडे पाठ व गर्दीकडे तोंड करून ढोलाच्या ठेक्यावर सर्वांना गायला लावतो. ज्या सामन्यासाठी आठवडाभर घसा जपायचा, त्यातला बराचसा भाग त्याला दिसतही नाही. आमच्या मते पाठीराख्यांच्या जगातले हे सर्वांत निःस्वार्थ काम आहे.

मोठी चित्रे हे गट वर्गणी काढून करतात. कापडाच्या पट्ट्या शिवून जोडल्या जातात, एखाद्या मोठ्या गोदामाच्या किंवा सभागृहाच्या जमिनीवर पसरून रात्री-रात्री रंगवल्या जातात आणि सामन्याच्या दिवशी खालून वर किंवा वरून खाली हातोहात सरकवल्या जातात. काही वेळा प्रत्येक खुर्चीवर रंगीत कागद आणि तो केव्हा उंच धरायचा याची सूचना ठेवलेली असते. कापडाखाली उभे असलेल्यांना डोक्यावर फक्त अंधार दिसतो. चित्र पाहायला मिळते ते समोरच्या स्टँडला आणि खेळाडूंना.

प्रश्न : उभे राहून सामना पाहणे धोक्याचे आहे, हे सिद्ध झालेले नाही का? स्टेडियममधल्या दुर्घटनांना दंगेखोर पाठीराखेच कारणीभूत असतात, असे आम्ही वाचत आलो आहोत.

उत्तर : हा समज दूर व्हायला फार वर्षे लागली आणि त्याची किंमत निरपराध कुटुंबांनी मोजली. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कप या इंग्लंडच्या बाद स्पर्धेचा उपांत्य सामना होता. बाहेर गर्दी दाटली तेव्हा पोलिसांनी बाहेर पडण्याचे एक मोठे फाटक उघडले. पण आत शिरणाऱ्यांना बाजूच्या रिकाम्या भागांकडे वळवण्याची व्यवस्था केली नाही. लोक समोरच्या बोगद्यातून थेट मधल्या, आधीच भरलेल्या, उभे राहण्याच्या कुंपणबंद भागांत गेले. पुढे लोखंडी जाळी होती, मागून लोंढा येत होता. त्या चेंगराचेंगरीत बळी पडलेल्यांची संख्या ९७ झाली. त्यांपैकी शेवटच्या व्यक्तीचा मृत्यू त्या दिवशीच्या इजांमुळेच २०२१ मध्ये झाला.

त्यानंतर दोष पाठीराख्यांवरच टाकण्यात आला. ते दारू प्यायलेले होते, त्यांनी फाटक तोडले, अशा कथा पसरवल्या गेल्या. कुटुंबीयांनी २७ वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१६ मध्ये ज्यूरीने निर्णय दिला, की या लोकांचा मृत्यू बेकायदा कृत्यामुळे झाला आणि पाठीराख्यांचे वर्तन त्याला कारणीभूत नव्हते. पाठीराख्यांविषयी लिहिताना हे विसरून कोणी लिहू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

याचा अर्थ पाठीराख्यांच्या हातून कधी हिंसा घडलीच नाही, असा नव्हे. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हायझेल स्टेडियमवर लिव्हरपूलचे काही पाठीराखे इटलीच्या युव्हेंटस क्लबच्या बाजूच्या प्रेक्षकांवर चालून गेले. पळापळीत भिंत कोसळली आणि ३९ जणांचा बळी गेला. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात मैदानावरच्या वादाचे लोण स्टँडमध्ये पोहोचले. तिथे दोन्ही बाजूंचे लोक एकत्र बसले होते. १६ पाठीराखे प्राणांस मुकले. या घटनांत वर्तन वाईट होतेच. पण जीर्ण बांधकाम आणि गर्दीचे ढिसाळ नियोजन यांचाही त्यांत मोठा वाटा होता.

आता उभे राहण्याविषयी. हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालानुसार इंग्लंडच्या वरच्या दोन श्रेणींतील मैदाने पूर्णपणे आसनांची करण्यात आली. लोक तरीही खुर्चीपुढे उभे राहतच होते आणि गोल झाल्यावर पुढच्या रांगेवर कोसळण्याचा धोका कायम होता. आता प्रत्येक रांगेत कमरेइतक्या उंचीचा कठडा बसवलेल्या जागा आल्या आहेत. जानेवारी २०२२ मध्ये इंग्लंड व वेल्समधील पाच क्लबांच्या मैदानांवर त्यांचा प्रयोग झाला आणि २०२२-२३ च्या हंगामापासून अटी पाळणाऱ्या क्लबांना उभे राहण्याची परवानगी मिळाली. जर्मनीने ही प्रथा कधी सोडलीच नव्हती. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे २५ हजार लोक उभे राहून सामना पाहतात आणि ‘पिवळी भिंत’ म्हणून तो स्टँड जगभर ओळखला जातो. माणसे मोजून आत सोडणे, मोकळ्या वाटा आणि मजबूत कठडे एवढी शिस्त असली, तर उभे राहणे सुरक्षित असते.

प्रश्न : तिकिटे महाग होत आहेत आणि क्लब धनाढ्यांच्या मालकीचे झाले आहेत. सामान्य पाठीराख्याच्या हातात काही उरले आहे का?

उत्तर : एकट्याच्या हातात फारसे नाही, एकजुटीच्या हातात मात्र पुष्कळ आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने पुढच्या हंगामासाठी ७७ पौंडांचे तिकीट जाहीर केले. संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७ वे मिनिट होताच हजारो लोक उठून चालू लागले. तेव्हा त्यांचा संघ २-० ने आघाडीवर होता. सामना २-२ असा सुटला आणि काही दिवसांतच मालकांनी ती दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीच्या प्रीमियर लीगने पाहुण्या पाठीराख्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. त्यामागेही पाठीराखे संघटनांची दीर्घ मोहीम होती.

जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे मतांचे बहुमत राहिले पाहिजे असा नियम आहे आणि मोजके अपवाद वगळता सर्व क्लब तो पाळतात. तिथल्या लीगने बाहेरचा गुंतवणूकदार आणण्याचे ठरवले, तेव्हा पाठीराख्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने वारंवार थांबवले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो बेत सोडून दिला. एप्रिल २०२१ मध्ये १२ बड्या क्लबांनी स्वतंत्र सुपर लीगची घोषणा केली, तेव्हा इंग्लंडमधील पाठीराखे रस्त्यावर उतरले आणि त्या १२ पैकी इंग्लंडचे सहाही क्लब दोन दिवसांत माघारी फिरले.

आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबच्या पाठीराख्यांचे उदाहरण. २००२ मध्ये त्यांचा क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात हलवण्यास परवानगी मिळाली. पाठीराख्यांनी त्याच उन्हाळ्यात नवा क्लब काढला, सार्वजनिक मैदानावर खेळाडूंच्या खुल्या चाचण्या घेतल्या आणि नवव्या श्रेणीपासून सुरुवात केली. २०११ मध्ये ते चौथ्या श्रेणीत, म्हणजे फुटबॉल लीगमध्ये पोहोचले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाव लेन या आपल्या जुन्या रस्त्यावर नवे स्टेडियम उभारून परतले. महासाथीच्या निर्बंधांमुळे त्या पहिल्या सामन्याला त्यांना आत जाता आले नाही, याची हळहळ आजही वाटते. बर्लिनच्या युनियन क्लबचे मैदान मोडकळीला आले, तेव्हा २००८-०९ मध्ये २ हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी सुमारे १ लाख ४० हजार तास राबून ते नव्याने बांधले. त्या पायऱ्यांवर उभा राहणारा माणूस स्वतःला ग्राहक कसा म्हणवून घेईल?

प्रश्न : माझा मुलगा परदेशातल्या एका क्लबसाठी मध्यरात्री जागतो, स्टेडियम त्याने कधी पाहिलेले नाही. त्याला खरा पाठीराखा म्हणावे का?

उत्तर : जरूर म्हणावे. मात्र त्याने एक गोष्ट समजून घ्यावी. सामन्यांच्या वेळा आता बऱ्याच अंशी टीव्हीच्या सोयीने ठरतात आणि त्याचा भार प्रत्यक्ष मैदानावर जाणाऱ्यांवर पडतो. सोमवारी रात्री शेकडो किलोमीटर दूर सामना ठेवला, की कामाचे दोन दिवस बुडतात आणि परतीची शेवटची गाडीही चुकते. जर्मनीतील पाठीराख्यांनी २०१८ पासून सोमवारच्या सामन्यांना जोरदार विरोध केला आणि २०२१-२२ च्या हंगामापासून बुंडेसलिगातून ते वगळले गेले. आपल्या क्लबचे प्रवासी पाठीराखे अशी मागणी करत असतील, तर दुरून पाहणाऱ्यांनी त्यांच्या बाजूने बोलावे. जवळच्या मैदानावर खेळणाऱ्या एखाद्या लहान क्लबचे सामनेही त्याने जाऊन पाहावेत. तिथे खेळाडूंचे एकमेकांना दिलेले इशारेसुद्धा ऐकू येतात आणि त्याच्या येण्याचा त्या क्लबला खरोखर उपयोग होतो.

प्रश्न : पहिल्यांदाच मोठ्या क्लबचा सामना पाहायला जाणार आहोत. काय लक्षात ठेवावे?

उत्तर : तिकीट कोणत्या बाजूच्या स्टँडचे आहे, हे आधी पाहा. यजमानांच्या भागात पाहुण्यांच्या रंगाचा शर्ट किंवा स्कार्फ घालून बसू नका. पुष्कळ ठिकाणी तसे केल्यास बाहेर काढले जाते. दोन्ही संघांची नावे असलेले स्कार्फ बाहेर विकले जातात, पण नियमित पाठीराख्यांना ते रुचत नाहीत. गोलपोस्टमागे जागा मिळाली, तर संपूर्ण वेळ उभे राहावे लागेल हे गृहीत धरा आणि लहान मुले सोबत असल्यास कौटुंबिक विभागाचे तिकीट मागा. मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत. सामन्याच्या तासभर आधी आत जा, म्हणजे फाटकावरची शेवटच्या क्षणाची रेटारेटी टळेल आणि खेळाडूंचा सरावही पाहायला मिळेल. गाण्याचे शब्द येत नसतील, तर टाळ्यांनी सुरुवात करा. ओळी दोनतीनदा कानावर पडल्या की आपोआप येतात, आणि अडखळलात तर शेजारचे सांगतातच.