टंगस्टन असताना अडलंय कुठे?

प्रश्न : फ्यूजन अणुभट्टीतला, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा काढणाऱ्या भट्टीतला, प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, पण चुंबक त्याला भिंतीपासून लांब धरून ठेवतात. टंगस्टन तर ३,४२२ अंशांना वितळतं. मग भिंतीला आतून टंगस्टन लावलं की झालं! पदार्थांवर एवढं संशोधन कशाला?

उत्तर : नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून टंगस्टनची बारीक सळई फरशीवर पडली आणि तिचे तीन तुकडे झाले. खोलीच्या तापमानाला हा धातू ठिसूळ असतो; काहीशे अंश तापल्यावरच जरा ऐकू लागतो. तेव्हापासून नुसता द्रवणांक सांगून मला कुणी पटवू शकलेलं नाही.

आणि चुंबकांचं म्हणाल, तर ते विद्युतभारित कणांनाच अडवतात. ड्युटेरियम-ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांच्या मीलनातून (फ्यूजनमधून) सुटणाऱ्या न्यूट्रॉनवर भारच नसतो. १४.१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेनिशी तो सरळ भिंतीत घुसतो, अणूंना जागेवरून उडवतो, काहींचं तर मूलद्रव्यच बदलून टाकतो. टंगस्टनमध्ये रेनियम आणि ऑस्मियम तयार होतात, म्हणजे मुळात ठिसूळ असलेलं आणखी ठिसूळ. टंगस्टनच्या मागे असलेल्या पोलादात हेलियमचे बुडबुडे धरतात.

त्यामुळे मिश्रधातू आज किती मजबूत आहे याआधी, न्यूट्रॉन खाऊन त्याचं काय होणार, हे आम्ही विचारतो. उष्णता सोसणाऱ्या नेहमीच्या पोलादांत मॉलिब्डेनम, नायोबियम, निकेल घालतात. न्यूट्रॉनच्या माऱ्यानंतर त्यांच्यापासून दीर्घकाळ टिकणारी किरणोत्सारी समस्थानिकं बनतात. म्हणून यूरोफर-९७ या पोलादात सुमारे ९ टक्के क्रोमियम ठेवून या मंडळींच्या जागी टंगस्टन आणि टँटलम घेतलं. काढलेले भाग शंभरेक वर्षांत हाताळण्याजोगे व्हावेत, हा हेतू. कागदावर सोपं वाटतं. पण नायोबियम दशलक्षात काही भाग जरी चुकून उरलं, तरी हिशेब बिघडतो! नवं पोलाद शोधण्याइतकीच मेहनत ते स्वच्छ ओतण्यात आहे. शिवाय ५५० अंशांच्या वर त्याची ताकद घसरते आणि ३०० च्या खाली न्यूट्रॉन त्याला ठिसूळ करतात. काम करायचं ते एवढ्याच पट्ट्यात.

खरी अडचण चाचणीची. विखंडन अणुभट्टीतले (जड अणू फोडणाऱ्या नेहमीच्या भट्टीतले) न्यूट्रॉन सरासरी २ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे. त्यांच्याने पोलादात पुरेसा हेलियम बनत नाही. फ्यूजनसारखे न्यूट्रॉन मुबलक मिळावेत म्हणून स्पेनमध्ये ग्रानादाजवळ द्रवरूप लिथियमवर ड्युटेरॉनचा (ड्युटेरियमच्या अणुकेंद्रकांचा) झोत सोडणारं यंत्र आखलं आहे. तोवर पोलादात मुद्दाम बोरॉन मिसळून नमुने विखंडन अणुभट्टीत ठेवण्याची एक युक्ती आहे; बोरॉनपासून हेलियम तरी मिळतो. पण बोरॉनमुळे पोलादाचा स्वभावच बदलतो, त्यामुळे त्या आकड्यांवर मी फारसा विसंबत नाही.