गावाजवळच्या खवले मांजराबद्दल पाचवी-सहावीच्या मुलांना कसं शिकवावं?

वाघ-सिंहापासून सुरुवात करू नका. अंगभर खवले असलेला हा प्राणी (पँगोलिन) मुलांच्याच काजूच्या बागेमागे राहतो, पण रात्री फिरतो म्हणून त्यांनी तो सहसा पाहिलेला नसतो.

पहिल्या दिवशी वारुळ दाखवा. खवले मांजराला दात नसतात. लांब, चिकट जिभेनं ते मुंग्या आणि वाळवी खातं. घराच्या वाशांना आणि कलमांना वाळवी काय करते हे कोकणातल्या पोराला सांगावं लागत नाही, त्यामुळे इथेच ते आपल्या बाजूचं ठरतं.

मग मुलांना स्वतःची नखं बघू द्या. खवलेही नखांसारखे केराटिन या पदार्थाचेच, त्यात कसलंही औषध नाही. बरीच शिकार मात्र खवल्यांत औषध असतं याच गैरसमजातून होते, आणि मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, म्हणून मारलेली संख्या भरून निघत नाही. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यावर घाई करू नका, मुलांना घरी जाऊन आजी-आजोबांना विचारू द्या.

चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावानं २०२० मध्ये खवलोत्सव केला, खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून. शिमग्याची पालखी नाचवणाऱ्या मुलांना हे लगेच भिडतं.

एक गोष्ट आधीच बजावा: बीळ दिसलं तर जागा कुणाला सांगायची नाही, व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा नाही. जखमी प्राणी दिसला तर हात न लावता मोठ्यांना सांगून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा.