वॉटरगेट प्रकरण शाळेच्या प्रकल्पात कोणत्या वस्तूंमधून दाखवावे?

नववीतल्या मुलीला वॉटरगेट प्रकरण, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना राजीनामा द्यायला लावणारा राजकीय घोटाळा, मोजक्या वस्तूंमधून मांडायचा असेल, तर माझ्या मते सुरुवात चिकटपट्टीच्या तुकड्यापासूनच करावी. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनमधील वॉटरगेट संकुलात फ्रँक विल्स या पहारेकऱ्याला एका दाराच्या कुलपाच्या खिट्टीवर पट्टी चिकटवलेली दिसली; ती त्याने काढून टाकली, पण नंतरच्या फेरीत तिथे पुन्हा पट्टी दिसताच त्याने पोलिसांना बोलावले आणि निक्सन यांच्या विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेले पाच जण पकडले गेले. पुठ्ठ्याच्या दाराला खरी खिट्टी बसवून तिच्यावर पट्टी आडवी चिकटवली, म्हणजे दार लोटले तरी कुलूप का लागत नाही, हे पाहणाऱ्याला स्वतःच्या हाताने तपासता येईल.

दुसरी वस्तू ध्वनिफितीची. जुनी कॅसेट मिळाल्यास तिच्यातली फीत बाहेर ओढून तिचा एक भाग पांढऱ्या कागदाने झाकावा आणि त्यावर ‘साडेअठरा मिनिटे’ असे लिहावे, कारण अध्यक्ष निक्सन यांच्या २० जून १९७२ च्या, म्हणजे घुसखोरीनंतर तीनच दिवसांनी ध्वनिमुद्रित झालेल्या, संभाषणातला तेवढा भाग पुसलेला आढळला होता.

पैशांच्या थैल्या आणि काळे मुखवटे मात्र कृपया टाळावेत. ते कोणत्याही घोटाळ्याला चालतात, म्हणूनच या प्रकरणाविषयी काहीच सांगत नाहीत. शेवटी ९ ऑगस्ट १९७४ ही तारीख घातलेले निक्सन यांचे राजीनामापत्र ठेवावे आणि त्यात एकच वाक्य लिहावे, कारण मूळ पत्राचा मजकूरही तेवढाच होता.